चुन्याआडची बाई

मी दगडाची बाई बोलतेय. मुठीत मावेन एवढीच आहे मी. पोट मोठं, मांड्या जाड, पाय घोट्यापाशीच संपलेले, त्यामुळे स्वतःच्या बळावर उभं राहायची सोय नाही. डोकं आहे, पण चेहरा नाही. घडवणाऱ्याला तो नको होता की जमला नाही, हे मला आजही ठाऊक नाही. अशा बाईने बोलायचं म्हणजे नवलच म्हणा. पण एका घरातली दोन भली माणसं माझ्या बाबतीत आयुष्यभर एकमेकांशी अबोल राहिली. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म समुद्रातला. उथळ, कोमट पाण्यात वाळूचे कण लाटांबरोबर लोळत राहिले, त्यांच्यावर पापुद्रे चढत गेले आणि माशाच्या गाभोळीसारखे बारीक गोल दाणे झाले. त्या दाण्यांचा पुढे दगड झाला. एक शिंपलाही त्यात अडकला. तो अजून माझ्या डाव्या खांद्यात खोल बसलेला आहे. मग समुद्र हटला, डोंगर वर आले. बर्फाच्या त्या डोंगरांच्या दक्षिणेला, एका मोठ्या तळ्याकाठी कुणीतरी मला उचललं आणि गारगोटीच्या धारेने कोरत बसलं.

ते हात बाईचे की बाप्याचे, विचारू नका. मऊ होते एवढं आठवतं. कोरून झाल्यावर त्यांनी मला गेरू फासला. त्या लोकांत बाळंतीण कळा द्यायला लागली की मला तिच्या मुठीत देत. कितीतरी मुठींचा घाम मी प्यायले आहे.

मला घडवणारं माणूस डोंगरांच्या या बाजूला कधी आलंच नाही. त्याची नातवंडं-पतवंडं आली असतील. कळपामागे माणसं चालत राहिली, आणि मी आपली त्यांच्या झोळीत. एका थंडीत त्यांनी मुक्काम हलवला आणि मी मागे राहिले. मुद्दाम की विसरून, कोण सांगणार? वाऱ्याने बारीक पिवळी माती आणून आणून माझ्यावर टाकली, आणि वरचं जग मला दिसेनासं झालं.

नंतर आली ती वेंदेलिनची कुदळ.

तोवर वर मोराविया नावाचा मुलूख झाला होता आणि माझ्या डोक्यावर ह्रुश्कोव गावचे द्राक्षमळे होते. वेंदेलिन तेव्हा तरुण, नुकतं लग्न झालेला. त्या वर्षी द्राक्षं मुबलक होती आणि नवं पिंप ठेवायला तळघरात जागा नव्हती. म्हणून हा पठ्ठ्या रविवारी, सगळा गाव चर्चमध्ये असताना, एकटाच डोंगरातल्या तळघराची मागची भिंत खोदत होता. रविवारी कुदळ धरणं म्हणजे गावात पापच. त्यामुळे मी सापडले तेव्हा बघायला चिटपाखरू नव्हतं.

बायको चर्चमधून आली तर हा पिवळ्या मातीने माखून दारात उभा.

"अपोलेना! बघ कोण सापडलं!"

अपोलेनाने मला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि आपल्या एप्रनमध्ये गुंडाळलं. "गारठलीये रे बिचारी," ती म्हणाली. अपोलेना फार बोलणारी बाई नव्हती.

मग वेंदेलिनने एक गाढवपणा केला. मला पंपाखाली धरून त्याने ब्रशने खसाखसा घासलं. पाहुणीला मळक्या अंगाने चारचौघांत कसं न्यायचं, ही त्याची समजूत! त्या गावात सणाआधी दगडविटाही आंघोळ करतात, तर मी कशी सुटणार? माझ्या अंगावरचा सगळा पुरावा मोरीतून वाहून गेला. मानेखाली, मांड्यांच्या बेचक्यात, अशा ब्रश न पोचणाऱ्या जागी काय ती थोडी माती उरली.

बातमी कळली तसे शहरातून प्राध्यापक आले. भिंग लावून त्यांनी मला बराच वेळ पाहिलं. माणूस वाईट नव्हता. जेवढं दिसलं तेवढ्यावर बोलला.

"हा दगड या डोंगरातला नाही. आसपास कुठेच असला दगड मिळत नाही. आणि इतकी वर्षं मातीत होती म्हणता, तर अंगावर माती कुठेय?"

"धुतली की मी," वेंदेलिन म्हणाला.

प्राध्यापकांची नजर पिंपांकडे गेली. पिंपांच्या तोंडावर द्राक्षांचे घड कोरलेले होते, पानाची शीर न शीर दिसेल असे.

"हे कुणी कोरलं?"

"मीच!" वेंदेलिन खुशीत म्हणाला. त्या भोळ्याला वाटलं, कौतुक चाललंय.

"हात चांगला आहे तुमचा," प्राध्यापक म्हणाले आणि अपोलेनाकडे वळले. "बाई, ही मातीतून निघताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत?"

"नाही. मी चर्चमध्ये होते. मी पाहिलं नाही. पण..."

तिच्या त्या "पण"पर्यंत थांबलं कोण! प्राध्यापकांनी बॅग बंद केली, आणि वेंदेलिन तर "पाहिलं नाही" ऐकूनच बाहेर निघून गेला होता. पुढचं वाक्य तिच्या ओठांवरच राहिलं. ते मी ऐकलं असतं तरी काय उपयोग होता?

ही बनावट आहे, चर्चच्या पडक्या नक्षीतला तुकडा घेऊन कोरलेली आहे, असा निवाडा झाला. गावाला आयतं खाद्य मिळालं. शेजारच्या तळघराचा मालक ओल्द्रिख म्हणजे तर तोंडाळ नंबर एक. त्याने वेंदेलिनला "शिल्पकार" नाव ठेवलं ते कायमचंच चिकटलं.

"काय शिल्पकार, दुसरी बाई कधी काढताय? पहिलीला एकटीला करमत नसेल!"

सगळे खदाखदा हसायचे. वेंदेलिनला त्या हसण्याचं फार वाटत नव्हतं. त्याच्या काळजात रुतलं होतं ते बायकोचं "मी पाहिलं नाही". तिनेही मला खोटारडा ठरवलं, हे त्याने मनात पक्कं करून टाकलं.

एक दिवस तो हातोडा घेऊन आला आणि मला तळघराच्या उंबऱ्यावर ठेवलं. मी म्हटलं, संपलं. तेवढ्यात अपोलेनाचा हात माझ्यावर पडला.

"हाण. पण आधी माझ्या हातावर हाण."

"बाजूला हो! घरात नको मला ती."

"घरात नको तर दारावरच्या कोनाड्यात ठेवते. युद्धात तिथली संताची मूर्ती फुटली तेव्हापासून रिकामाच आहे तो. सगळ्या भिंतीला चुना देते, तिलाही देईन. मग कुणाला दिसायची नाही."

वेंदेलिनने हातोडा टाकला. "झाक. पुरती झाक तिला. आणि या घरात पुन्हा तिचं नाव काढायचं नाही."

त्याच्या मनात आलं, अपोलेनाला आपली लाज वाटते, म्हणून ती मूर्ती झाकायची घाई. इथेच सगळं बिनसलं.

दुसऱ्या दिवशी तो मळ्यात गेल्यावर अपोलेना शिडी लावून वर आली. एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्यात लोकरीची चिंधी आणि मेणाचा गोळा. मळ्यामागे तिच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या, त्यांतलं मेण. तिने तो गोळा तळहातावर ऊब देऊन मऊ केला आणि माझ्या अंगाला चोळला. मानेखाली, पोटाखाली, बोटाच्या टोकाने हळूहळू.

"चुना दगडाला खातो गं, म्हणून," ती म्हणाली. "मी पाहिलं नाही हे खरंय. चर्चमधून येऊन खोटी साक्ष कशी देऊ? पण माझा वेंदा खोटं बोलत नाही. त्याला येतच नाही ते. माशी चावली तरी 'दुखत नाही' म्हणताना कान लाल होतात त्याचे."

मग तिने वरून चुना दिला.

त्याला सांग की, बये! मला ओरडावंसं वाटत होतं. पण नाव काढायचं नाही म्हणून त्याने बजावलेलं, आणि ती शब्दाला जागणारी. तो कधीतरी विचारेल, याची ती वाट बघत राहिली. ती कधीतरी आपणहून बोलेल, याची तो वाट बघत राहिला. एकमेकांच्या तोंडाकडे बघत दोघं म्हातारी झाली.

आमच्याकडे शरदातल्या होदीच्या जत्रेआधी बायका सगळ्या तळघरांची तोंडं रंगवतात, वर पांढरा चुना आणि खाली निळा पट्टा. दर वर्षी अपोलेना शिडी चढायची. आधी मेण, मग चुना. आता मेणावर चुना टिकतो का कधी? होदी होऊन पहिलं बर्फ पडेपर्यंत माझ्या अंगावरचे पोपडे सुटायचे. सगळी भिंत पांढरीफेक आणि मीच तेवढी गजकर्ण झाल्यासारखी! ओल्द्रिखला तेही पुरायचं.

"शिल्पकार, खोट्याला चुनासुद्धा धरत नाही रे!"

वेंदेलिन मान खाली घालून पिंपांकडे जायचा. पिंपांवर कोरणं त्याने केव्हाच सोडलं होतं. बायकोला परत शिडीवर चढताना पाहिलं की त्याचा चेहरा आणखी उतरायचा. माझा खोटेपणा झाकून झाकून ही थकली, असं तो एकदा पुटपुटल्याचं मी ऐकलं. वाईट वाटलं फार.

अपोलेना एका हिवाळ्यात गेली. शेवटच्या आजारात तिची खाट तळघरावरच्या उन्हाच्या खोलीत होती, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. वेंदेलिन तासन्‌तास तिच्याजवळ बसायचा. एकदा त्याने घसा खाकरला, "अपोलेना..." म्हणाला. तीही "हं?" म्हणाली. मी जीव मुठीत धरून ऐकत होते.

"पाणी देऊ का?" त्याने विचारलं.

विचारायचं होतं ते राहूनच गेलं.

त्यानंतर कोनाड्याला कुणी हात लावला नाही. मुलगी, लिबुशा, शिडी घेऊन आली तर वेंदेलिनने तिला परत पाठवलं. चुना सुटत गेला आणि माझा गुडघा उघडा पडला.

वसंतात गावोगावी तळघरं उघडी ठेवतात. लोक गळ्यात पेला अडकवून एका दारातून दुसऱ्या दारात चव घेत हिंडतात. तशीच एक राद्का नावाची बाई आली. दगडांचा अभ्यास हेच तिचं काम. वाइनचा घोट तोंडात असतानाच तिने वर पाहिलं आणि गिळायचं विसरली.

"काका, ही कोण?"

"माझी थट्टा," वेंदेलिन म्हणाला.

"या दगडात गोल दाणे आहेत. हा इथला दगड..."

"इथला नाही. माहितीये. एकदा ऐकलंय, पुन्हा ऐकायचं माझं वय नाही. पेला भरू का?"

राद्का हटली नाही. तिने लिबुशाला गाठलं. शहरात एक यंत्र आहे, दवाखान्यात क्ष-किरणांनी पोटातलं बघतात तसलंच, पण कितीतरी तीक्ष्ण नजरेचं. ओरखडासुद्धा न काढता दगडाच्या पोटातला कण न कण दाखवतं, असं तिने सांगितलं. लिबुशा बापाच्या मागे लागली.

"बाबा, एकदा होऊन जाऊ दे ना."

"आणि पुन्हा खोटी ठरली तर? एकदा माणसाने खोटा म्हटलं, आता यंत्राकडून म्हणवून घेऊ?"

"आईसाठी तरी."

"तुझ्या आईचं मत मला माहीत आहे," तो एवढा तुटक बोलला की लिबुशा रडकुंडीलाच आली. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. शिडी लावून त्याने स्वतः मला काढलं. हातोड्यानंतर पहिल्यांदाच त्याचा हात मला लागला.

"घ्या. खोटी निघाली तर परत आणू नका. वाटेत नदी आहे."

यंत्रात मला एका गोल बैठकीवर ठेवलं आणि सावकाश फिरवलं. काही दुखलं नाही. पडद्यावर माझे कागदाहून पातळ काप दिसायला लागले. खांद्यातला शिंपला दिसला. दाणे दिसले. राद्का आणि तिच्या माणसांनी दूरदूरच्या डोंगरांतले दगड आणून त्याच यंत्रात घातले आणि त्यांचे दाणे माझ्या दाण्यांशी ताडून बघितले. पूर्वेकडचे जुळले नाहीत, जवळचे तर नाहीतच. आणि एक दिवस तळ्याकाठचा तो दगड आला. मी त्याला लगेच ओळखलं. सख्खा भाऊच तो माझा! त्यांना ओळखायला महिने लागले, पण त्यांनीही ओळखलं.

निकाल सांगायला राद्का मला घेऊन स्वतः ह्रुश्कोवला आली. तळघरात वेंदेलिन आणि लिबुशा बसले होते. आणि काठी टेकत ओल्द्रिखही. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याच्यावाचून गावात काही होतं का कधी?

"दगड इथला नाही," राद्काने सुरुवात केली. "बर्फाच्या डोंगरांपलीकडचा, उत्तर इटलीतला आहे."

"हे तर आम्ही तेव्हाच..." ओल्द्रिख पुढे सरसावला.

"थांबा हो काका, पुरतं ऐका. चुन्याच्या खाली, ब्रश पोचत नाही अशा फटींत, याच टेकडीची पिवळी माती आहे. ती गेरूवर बसून दगडासारखी घट्ट झालीये. तसं व्हायला हजारो वर्षं लागतात. वेंदेलिनकाका काय, त्यांच्या खापरपणजोबांनाही हे करता आलं नसतं. ही खरी आहे. मातीतूनच निघाली आहे."

ओल्द्रिखने टोपी काढली. "शि..." म्हणून थांबला. मग म्हणाला, "वेंदेलिन." त्याच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

"बरं झालं," वेंदेलिन म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं. "पण जिने हे ऐकावं असं वाटत होतं, ती गेली."

"अजून एक विचारायचं होतं," राद्का जरा चाचरत म्हणाली. "चुन्याच्या थरांमध्ये यंत्राला बारीक काळ्या रेघा दिसल्या. आधी वाटलं, पोकळी आहे. पण चुना हवेत कसा टिकेल? म्हणून कणभर खरवडून तपासलं. मेण आहे ते, मधमाश्यांचं. तुम्ही लावलंत का?"

"मी? मी तर वर बघतही नव्हतो."

"मग कुणीतरी लावलंय. एक थर मेणाचा, एक चुन्याचा, परत मेण, परत चुना. फटींत सगळे टिकलेत. म्हणून तर चुना धरत नव्हता तिला."

"मधमाश्या आईच्या होत्या," लिबुशा हळूच म्हणाली.

वेंदेलिनला काही कळेना. तो एकदा राद्काकडे, एकदा लेकीकडे बघत राहिला. "दर वर्षी?"

"जेवढे थर आहेत, तेवढ्या सगळ्या वर्षी."

"पण मेण कशाला?"

राद्का काही बोलणार एवढ्यात ओल्द्रिख बोलला. टोपी अजून हातातच होती, आणि ती तो पिळत होता.

"खोट्याला कुणी मेण लावत बसतं का रे, वेंदेलिन?"

त्यावर म्हातारा वेंदेलिन जो रडला! "मी विचारलं का नाही?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. लिबुशाने त्याला धरलं. ओल्द्रिख उठून त्याच्या पलीकडच्या बाजूला बसला. मला वाटलं होतं, ज्या दिवशी खरं बाहेर येईल त्या दिवशी आनंद होईल. आनंद झाला नाही असं नाही, पण त्याहून हळहळ जास्त झाली.

संग्रहालयाने मला मागितलं. वेंदेलिन लगेच हो म्हणाला. मला साफ करणारी माणसं आली तेव्हा त्याने एकच अट घातली.

"चुना सगळा काढा. मेण राहू द्या."

"पण काका, दगडाला चिकटलेला शेवटचा मेणाचा थर काढला तर खालचा गेरू छान उजळेल," राद्का म्हणाली.

"तुमच्या यंत्राला तो दिसतो ना? मग झालं. ते मेण माझ्या बायकोचं आहे."

आणि ते राहिलं. म्हणून माझ्या अंगाला अशी मंद, पिवळसर झाक आहे. इथे काचेच्या पेटीत बसून मी पाहते, लोक येतात, वाकून पाटी वाचतात. दगड दक्षिणेचा, माती ह्रुश्कोवची. त्याखाली वेंदेलिनच्या हट्टाने तिसरी ओळ लिहिली आहे, मेण अपोलेनाचं. लोक कुतूहलाने विचारतात, ही अपोलेना कोण? आता तुम्हाला कळलं.

मला बघायला आलात तर अवश्य या. पण घरी कुणाला काही विचारायचं राहिलं असेल तर ते आधी विचारून या. "पाणी देऊ का" म्हणून वेळ मारून नेऊ नका. मी हजारो वर्षं थांबले, मला जमलं. माणसाला तेवढा अवधी नसतो हो.

बरं, पुरे आता. आज गुरुवार आहे. दर गुरुवारी वेंदेलिन सकाळच्या बसने येतो, माझ्यासमोरच्या बाकावर टेकतो आणि बोलत बसतो. छाटणी कशी झाली, पेट्यांत मध किती साठला, ओल्द्रिखचा गुडघा कसा कुरकुरतो. हे सगळं तो मला सांगत नाही, हे मला चांगलं कळतं. तो "अपोलेना" म्हणूनच सुरुवात करतो. बस आलेली दिसतेय. मी आता गप्प राहते, त्याला बोलू द्या.